गाडी ‘लो’ केलीय आणि आता रुंद टायर टाकायचेत? नाना पेठेत जाण्याआधी हे वाचा

पुणे : जुनी गाडी घ्यायची, खाली बसवायची आणि तिला रुंद मॅगव्हील टाकायचे, ही हौस आता पुणे शहरापुरती राहिलेली नाही. जुन्नर, शिरूर, दौंड, इंदापूर, भोर, पुरंदर, सगळीकडे अशा गाड्या दिसतात. सुट्टीच्या दिवशी नाना पेठेत यायचं, चार दुकानं फिरायची, रिमा डिकीत टाकायच्या आणि संध्याकाळी गावी परत जायचं, असा हा कार्यक्रम असतो.

अडचण दुकानात कळत नाही. तिथे गाडी सपाट जागेवर उभी असते, आत कुणी बसलेलं नसतं, स्टेअरिंग सरळ असतं. चाक फिरतं, नट आवळले जातात, फोटोही छान येतो. पण गावाकडच्या पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘खर्र’ असा आवाज येतो. घाटातल्या वळणावर पुढचं चाक आतल्या मडगार्डला घासतं. काही दिवसांनी टायरच्या आतल्या बाजूला गोल चर पडलेली दिसते. ही चर बाहेरून दिसत नाही आणि टायर फुटतो तो तिथूनच.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उभ्या गाडीला चाक बसलं म्हणजे बसलं असं नाही. चाक वर-खाली होतं आणि डावी-उजवीकडे वळतं. या सगळ्या हालचालीत त्याला जागा मिळाली, तरच ते बसलं. लो केलेल्या गाडीत ही जागा आधीच खर्च झालेली असते. म्हणून मापं घ्यायची ती चाक घेण्याआधी.

किट कार म्हणजे नेमकं काय?

लो गाडी आणि रुंद टायर यांचा प्रश्न सर्वात जास्त येतो तो किट कारमध्ये. किट कार म्हणजे सुट्या भागांतून जोडलेली गाडी. पाइपची किंवा चौकोनी नळीची चेसिस, वर फायबरची बॉडी, आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक हे दुसऱ्या एखाद्या तयार गाडीचे. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही यातली सर्वात गाजलेली गाडी. तिथे त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नव्हता. म्हणून लोक पेट्या घरी आणून गाडी स्वतः जोडायचे.

महाराष्ट्रातही याच धर्तीची गाडी बनली आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड इथे चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनसारखी दिसणारी दोन सीटची रोडस्टर हाताने बनवली. बॉडी फायबरची आणि इंजिन इसुझूचं १.८ लीटरचं, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरमध्ये यायचं त्याच जातीचं.

आपल्या गावांकडे ‘किट कार’ हा शब्द कमी ऐकू येतो, पण प्रकार ओळखीचा आहे. जुन्या जीपचे भाग जमवून बांधलेली गाडी, वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेली बग्गी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी स्पर्धेसाठी बनवलेली छोटी रेसिंग गाडी, या सगळ्या त्याच घरातल्या. त्यांच्यात एक गोष्ट सारखी असते. चाक, एक्सल आणि बॉडी या तीन वस्तू एकाच कारखान्यात एकमेकांसाठी बनवलेल्या नसतात. त्यामुळे कंपनीच्या गाडीत जे माप इंजिनिअरने आधीच तपासलेलं असतं, ते इथे मालकालाच तपासावं लागतं. कंपनीची साधी गाडी तुम्ही स्प्रिंग कापून लो केली, तर तिचीही गत हीच होते. कारण कारखान्याने ठरवलेलं माप तुम्ही मोडलेलं असतं.

टायरवरचे आकडे आधी वाचा

मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असे टायर कंपनीच देत आली आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टक्केवारी आहे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात.

यावरून चाकाची पूर्ण उंची काढता येते. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. वर आणि खाली अशा दोन भिंती, म्हणजे २६४. त्यात १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी मिळवा. एकूण ६१९.६ मिमी. दुसरा टायर याच हिशोबाने ६२१.५ मिमी येतो. रुंदी २० मिमीने वाढली, रिम एक इंचाने मोठी झाली, पण चाकाची उंची जवळजवळ तीच राहिली. कंपनीने भिंत कमी केली म्हणून हे जमलं. १९५/५५ आर १६ घेतला, तरी उंची ६२०.९ मिमी येते.

आता कुणी म्हणालं, ‘दादा, २०५/६५ आर १५ टाका, गाडी भारी दिसेल’, तर हिशोब करून बघा. उंची ६४७.५ मिमी येते. म्हणजे चाक २८ मिमीने मोठं झालं आणि टायरचा वरचा भाग मडगार्डच्या १४ मिमी जवळ गेला. शिवाय मीटर चुकीचं दाखवू लागतं. मीटरवर ८० दिसत असताना गाडी खरी ८३-८४ च्या वेगाने पळत असते. चाक मोठं झालं की ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो.

याच ओळीत पुढे ८५टी किंवा ८८एच असं लिहिलेलं असतं. त्यातला आकडा वजनाचा असतो. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. अक्षर वेगाचं असतं. टी म्हणजे ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०. नवा टायर कितीही रुंद असो, हा वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

टायर किती जुना आहे तेही बघा. बाजूला चार आकडी छाप असतो. २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. स्वस्तात मिळालेल्या रुंद टायरचा हा आकडा बऱ्याचदा सात-आठ वर्षांपूर्वीचा निघतो. नक्षी चांगली दिसली, तरी रबर कडक झालेलं असतं.

खरी गोम ऑफसेटमध्ये

रिम निवडताना बहुतेक जण इंच आणि डिझाइन बघतात. पण चाक आत किती जाणार आणि बाहेर किती येणार, हे ठरतं ऑफसेटवरून. रिमच्या मागे किंवा आरीवर ‘ईटी ४०’, ‘ईटी ३५’ असं कोरलेलं असतं. रिमची मध्यरेषा आणि रिम जिथे हबला टेकते ती जागा, यांच्यातलं मिलीमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा मोठा, तर चाक आत जातं. आकडा लहान, तर चाक बाहेर येतं.

समजा, मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४० आहे. तुम्ही सात इंची, ईटी ३५ ची रिम घेतली. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. यातले १४ मिमी आत, शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या बाजूला गेले. उरलेले २४ मिमी बाहेर, मडगार्डच्या कडेकडे आले. आता तुमच्या गाडीत आतल्या बाजूला १४ मिमी जागा आहे का आणि बाहेर २४ मिमी आहे का, हा प्रश्न दुकानात नाही, घरीच सोडवायचा.

जुन्या रिमवर आकडा दिसत नसेल, तर माप घेता येतं. रिम दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर ठेवा. खाली गोणपाट घाला, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. मागच्या कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत खोली मोजा. समजा ती १४० मिमी आली. रिमची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी २०३ मिमी असेल, तर तिचं अर्धं सुमारे १०२. १४० वजा १०२ म्हणजे ऑफसेट अंदाजे ३८.

किट कारवाल्यांनी इथे जास्त जपायला हवं. जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या रिमांचा ऑफसेट साधारण कमी असतो. आताच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा जास्त असतो. जुन्या एक्सलवर आजच्या छोट्या कारची सुंदर रिम चढवली, तर चाक इतकं आत जातं की टायर चेसिसच्या नळीला किंवा पाट्यांना घासतो.

बोल्टची मापंही वेगवेगळी असतात. चार बोल्ट असतील, तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते १०० मिमी असतं, काहींत ११४.३ मिमी. जुन्या विलीज जीपचे पाच बोल्ट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर असतात. ‘थोडं ताणून बसेल’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. बोल्ट वाकडा आवळला की तो सैल होतो किंवा तुटतो.

गाडी लो केली की जागा जाते कुठे?

हा मुद्दा नीट समजला, तर निम्मा खर्च वाचतो. चाक वर जाताना शेवटी एका रबरी ठोकळ्यावर आपटतं. त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक त्याच्या वर जाऊ शकत नाही.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. मूळ गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात ९० मिमी मोकळी जागा आहे. चाक बंप स्टॉपपर्यंत ७० मिमी वर जातं. म्हणजे पूर्ण दबल्यावरही २० मिमी उरतात. आता आखूड स्प्रिंग टाकून गाडी ४० मिमी खाली बसवली. उभ्या गाडीत जागा ५० मिमी राहिली. चाकाला वर जायला ३० मिमीच उरले. पूर्ण दबल्यावर मात्र शिल्लक जागा तेवढीच, २० मिमी. फरक एवढाच की, आधी चाक तिथपर्यंत क्वचित जायचं, आता दर खड्ड्याला जातं.

यावर १४ मिमी उंच टायर चढवला, की २० चे ६ उरतात. चाक २४ मिमी बाहेर आलं असेल, तर ते मडगार्डच्या पोकळीत न जाता मडगार्डच्या कडेखाली येतं. आणि कुणी ‘गाडी फार आपटते’ म्हणून बंप स्टॉपच कापला असेल, तर चाकाला अडवणारं काही उरतच नाही. मग चाक थांबतं ते मडगार्डवर, नाहीतर ब्रेकच्या पाइपवर. म्हणून लो केलेल्या गाडीचा बंप स्टॉप कधीही कापू नका.

जीप, पिकअपसारख्या पाट्यांच्या गाड्यांत पाट्या काढून गाडी खाली आणतात. त्यात गाडी खाली येते, पण वजन झेलायची ताकदही जाते. चार माणसं बसली की चाक थेट ठोकळ्यावर.

रस्त्याचाही विचार करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून हळूच चढून उतरते. गावागावांत आहेत ते याहून उंच आणि अरुंद. त्यावरून चाक धक्क्यानेच वर जातं. शहरात चालून गेलेली जोडणी गावाच्या रस्त्यावर म्हणूनच फसते.

शाडू माती, पुठ्ठा आणि चार पोती

मापं घ्यायला मोठं वर्कशॉप लागत नाही. सपाट जागा, जॅक, भक्कम ठोकळे आणि एक मदतनीस पुरे. फक्त जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. आधी ठोकळे किंवा स्टँड लावा.

पहिली चाचणी वजनाची. ज्या मापाचं चाक घ्यायचं आहे, तसं एक चाक मित्राकडून किंवा दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून घ्या. ते लावा. टायरच्या आजूबाजूला जिथे जागा कमी वाटते, तिथे शाडू मातीचे किंवा घट्ट भिजवलेल्या कणकेचे बोटभर जाड गोळे चिकटवा. मडगार्डच्या कडेला, आतल्या बाजूला, शॉकअ‍ॅब्सॉर्बरजवळ. मग मागे ५० किलोची चार पोती ठेवा, पुढे दोन माणसं बसवा. गाडी मोकळ्या जागेत अगदी हळू चालवा, डावा-उजवा फुल्ल कट मारा, एखाद्या उंचवट्यावरून न्या. उतरून गोळे बघा. जिथे माती दबली, तिथे टायर पोहोचतो. जेवढी जाड उरली, तेवढीच तुमची शिल्लक जागा.

दुसरी चाचणी जास्त पक्की आहे आणि किट कारला ती करायलाच हवी. जाणकार मेकॅनिककडून स्प्रिंग काढून घ्या. दाबलेल्या स्प्रिंगशी घरी खेळू नका, ती सुटली तर जीव घेऊ शकते. स्प्रिंगशिवाय शॉकअ‍ॅब्सॉर्बर परत बसवा, चाक लावा आणि जॅकने चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत हळूहळू वर घ्या. प्रत्येक टप्प्यावर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा.

किती जागा सुटायला हवी? ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यात किमान ३ मिमी. टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांच्यात किमान ५ मिमी. टायर आणि बॉडी यांच्यात किमान १० मिमी, कारण वळणावर टायर स्वतःही वाकतो. ब्रेकचा रबरी पाइप मात्र कुठल्याही स्थितीत टायरला किंवा रिमला लागता कामा नये, आणि ताणलाही जाता कामा नये. तो घासून फाटला, तर ब्रेक ऑइल निघून जातं. कात्रज किंवा दिवे घाट उतरताना हे झालं तर काय, हे सांगायला नको.

बॉडी फायबरची असेल, तर आणखी एक सांगणं आहे. पत्र्याच्या गाडीत मडगार्डची आतली कड रोलरने वाकवून थोडी जागा काढतात. फायबर वाकत नाही, तडकतं. तिथे कड घासून काढावी लागते आणि आतून मॅट-रेझिन लावून ताकद परत द्यावी लागते. लोटस सेव्हनच्या पद्धतीच्या गाडीला सायकलसारखे सुटे मडगार्ड असतात. ते चाकाबरोबरच वर-खाली होतात आणि वळतात. तिथे टायर मडगार्डला लागत नाही, पण मडगार्डची मागची कड फुल्ल कटमध्ये बॉडीला लागते. तेही तपासा.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे किती खरं?

अर्धंच खरं. टायर जमिनीला किती टेकणार, हे मुख्यतः वजन आणि हवेवर ठरतं. ७०० किलोच्या हलक्या किट कारचं एका चाकावर १७५ किलो वजन येतं. हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर ८३ चौरस सेंटीमीटर येतात, म्हणजे जवळपास तळहाताएवढी जागा. टायर रुंद केला, तरी ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो. ती लांबट होती, ती आडवी आणि आखूड होते.

कोरड्या, सपाट रस्त्यावर वळताना या आडव्या आकाराचा फायदा होतो. पण पावसात उलटं होतं. रुंद टायरला समोरचं पाणी जास्त बाजूला सारावं लागतं. गाडी हलकी असेल, तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशी, मावळ, भोरच्या रस्त्यांवर ही गोष्ट जिवाशी खेळते. शिवाय पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत रुंद टायरने स्टेअरिंग जड होतं. चाक फार बाहेर आलं, तर ते खड्ड्यात हातातून हिसका मारतं आणि बेअरिंगही लवकर जातं.

भिंत कमी असलेला टायर खड्ड्यात रिम वाचवू शकत नाही. रोज कच्च्या रस्त्याने जायचं असेल, तर मोठ्या रिमेपेक्षा मूळ रिम आणि थोडा रुंद टायर हा शहाणपणाचा सौदा. पण टायरही रिमला शोभेल असाच हवा. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ साठी ५ ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. त्याहून रुंद रिमवर टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. त्यात टायर खड्ड्यात रिमवरून सुटू शकतो.

स्पेसर आणि नट

चाक आत घासतंय म्हणून हब आणि रिममध्ये ॲल्युमिनियमची चकती टाकतात. तिला स्पेसर म्हणतात. स्पेसर जेवढा जाड, तेवढे बोल्टचे आटे कमी पडतात. साधा नियम असा, की बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढी लांबी नटाच्या आत जायला हवी. १२ मिमीच्या बोल्टला ८ ते १० फेरे यायला हवेत. नट तीन-चार फेऱ्यांतच आवळला, तर ते चाक रस्त्यावर निघू शकतं.

रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, तर मध्ये नेमक्या मापाची रिंग टाका, नाहीतर ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. नटाचा उतारही रिमेच्या भोकाशी जुळायला हवा. काही नट शंकूसारखे असतात, काही गोल, काही सपाट. नवी चाकं टाकल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्या. गाडी लो केल्यावर चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट करायलाच हवी. ती टाळली, तर नवे टायर आतल्या बाजूने काही महिन्यांत गुळगुळीत होतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार, मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टायरची नक्षी कारमध्ये १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही, हाही नियम आहे.

म्हणून सर्वात सुरक्षित रस्ता कोणता? तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेलं टायरचं माप. गाडीच्या पुस्तकात किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं. त्यापलीकडे जायचं असेल, तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर समोर आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

घरी बांधलेल्या गाडीचं गणित वेगळं आहे. कुठलंही नवं वाहन रस्त्यावर आणायला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी आणि मंजुरी लागते. अशा संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. तिसरी, व्हीआरडीई, अहिल्यानगरला. ही मंजुरी नसलेली गाडी शेतात, खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवा. सार्वजनिक रस्त्यावर नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची गोष्ट अनेकांना आठवत असेल. त्याने जुने भाग जमवून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबवली जाईल, हेही सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो मिळाली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. बाकीच्यांच्या वाट्याला पावतीच येते.

क्रम चुकवू नका

बहुतेक जण आधी गाडी लो करतात, मग रिम घेतात, मग टायर, आणि शेवटी घासतंय म्हणून मडगार्ड कापतात. क्रम उलटा ठेवा. आधी नियमात बसणारं टायरचं माप ठरवा. मग त्याला जुळणारी रिमची रुंदी आणि ऑफसेट. मग शाडू लावून जागा मोजा. किट कारमध्ये गाडी किती खाली बसवायची, हे सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेवरून ठरतं.

नाना पेठेत जाताना मोबाइलमध्ये इतकी माहिती टिपून न्या :

– मूळ टायरचं पूर्ण माप आणि वजनाचा आकडा
– मूळ रिमची रुंदी आणि ईटी
– बोल्ट किती आणि किती मिमीच्या वर्तुळावर
– हबच्या मधल्या भागाचा व्यास
– आत आणि बाहेर शिल्लक असलेली जागा, मिमीमध्ये

दुकानदाराला दोन गोष्टी आधीच विचारा. घासलं, तर रिम परत घेणार का? आणि टायर चढवण्याआधी नुसती रिम लावून बघू देणार का? एकदा टायर चढला आणि रिमवर नटांचे वळ उठले, की परत घ्यायला कुणी तयार होत नाही. दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल आणि पक्कं बिल मिळत असेल, तरच पैसे मोजा.